बसेल

ढवळी आमची, चौऱ्याहत्तरची.
हिरवी इद्वालची, सत्त्याहत्तरची.
दुरून पाहिलं तर जुळ्या:
तोच चौकोनी जबडा, मागच्या फळीवर
तीच पुसट चार अक्षरं, फोर्ड.
जवळ गेलं की चुलत.

आमच्या ढवळीचं इंजिन बसलं एप्रिलमध्ये,
सार्मिएंतोच्या अलीकडच्या चढावर,
पाठीवर मेंढ्यांची नव्वद कातडी.
हिरवीचं इंजिन ठणठणीत,
पण तळ असा गंजलेला
की क्लचखालच्या भोकातून रस्ता पळताना दिसायचा.
इद्वाल मागच्या ऑगस्टमध्येच गेला होता.
देलमिरानं किंमत सांगितली:
दोन मेंढ्या, आणि पवनचक्कीचं पातं सरळ करून.
पैशांचं नाव काढलं नाही.

बाबा म्हणाले, बसेल गं. डोळे मिटून बसेल.

लोकर कातरायच्या शेडची तुळई, तिला चेनकप्पी.
मी चौदा वर्षांची, बोल्टांची कारकून.
पीचच्या मुरांब्याचे डबे ओळीनं:
एकात गिअरबॉक्सचे, एकात मॅनिफोल्डचे,
तिसऱ्यात, कुठले ते विचारू नका.
वारा असा, की वॉशर उघड्यावर ठेवला
तर इद्वालच्या कुंपणापर्यंत शोधत जावं लागे.

इंजिन अधांतरी आलं,
थेंब थेंब गळत जरासं फिरलं,
सोलून टांगलेल्या बैलासारखं.
मी म्हणाले, हे तिचं काळीज ना?
काळीज एवढं तेल पीत नाही, बाबा म्हणाले.
साखळी धर.

बसलं नाही.
आडव्या पट्टीवर आदळून थांबलं, दोन बोटं वर.
तेलाची तसराळ पुढे, पट्टीही पुढे,
आणि दोघींपैकी कुणी मागे सरायला तयार नाही.
मग बाबा हिरवीखाली सरपटत गेले
आणि तिथूनच हसले.
इद्वालनं कधीतरी मोटारीचं इंजिन आणून
पट्टी करवतीनं कापली होती,
पुन्हा जोडली होती, वाकडी, चार बोटं मागे.
एवढी वर्षं शेजारी राहून बोलला नाही.

तीन दिवस गेले.
आमच्या मेलेल्या इंजिनची तसराळ याच्या पोटाला,
तेल शोषायच्या नळीसकट.
उजव्या माउंटखाली सापडला
खोगिराच्या चामड्याचा तुकडा, चार पदरी घडी,
तेल पिऊन लाकडाएवढा टणक.
बाबांनी तो चिंधीनं पुसला
आणि होता तिथेच परत सरकवला.

गुरुवारी, दिवे लागायच्या वेळी, बसलं.

शनिवारी नाक्यावर हवालदार किलोद्रान.
बॉनेट उघडायला लावलं, बाहीनं नंबर पुसला,
वहीत बोट फिरवलं.
हे इद्वाल प्रोबर्टचं.
होय.
तो तर वारला.
होय.
मग सही कोण करणार?

देलमिरा आली घोड्यावरून, चश्मा विसरून.
कागद बॉनेटवर, त्याच्या चार कोपऱ्यांवर
आमचे तिघांचे हात, नाहीतर चिलीत गेला असता.
बाबा इंजिन बंद करायला वळले.
राहू दे, ती म्हणाली.
सही करताना तिचा हात इंजिनबरोबर थरथरत होता.
मध्येच थांबली.
तिसऱ्या ठोक्याला अजून अडखळतंय, म्हणाली.
रोज पहाटे पाचला मी शिव्या द्यायची.

पॉइंट्स आहेत, बाबा म्हणाले.
उद्या टायमिंग लावतो, लोण्यासारखं चालेल.

लावा की, ती म्हणाली. सही पुरी केली.
रिकिबीत पाय घालताना म्हणाली,
पवनचक्कीला याल ना, ते झाल्यावर लावा.

पवनचक्की कधीच झाली.
मेंढ्याही पोचल्या.
बाबा रोज म्हणतात, टायमिंग लावायला हवं,
आणि हात धुतात.
तिसऱ्या डब्यात सहा बोल्ट उरलेत.
कुठले ते विचारू नका.